आईचा डबा सुटला तो उन्हाळा

मिनेसोटात उन्हाळा दबकत येत नाही. मेच्या सुरुवातीपर्यंत पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात करड्या बर्फाचे ढिगारे रेंगाळत असतात, आणि मग एखाद्या शनिवारी बघावं तर आमचं सगळं ईडन प्रेरी गाव अर्ध्या चड्डीत रस्त्यावर. गॅरेजची दारं उघडतात, सायकलींच्या चाकांत हवा भरली जाते, शेजारच्या अंगणातून कोळशावर काहीतरी भाजल्याचा वास येतो. आमच्या घरात उन्हाळा माझ्या मुलीच्या, इराच्या मागोमाग येतो. ती पोहून आली की ओला टॉवेल, केसांतलं क्लोरीन आणि सनस्क्रीन यांचा मिळून एक वास जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पसरतो. परवा तो यंदा पहिल्यांदा आला. मी कणीक मळत होते. हात तसेच थांबले, कारण त्या वासाच्या मागून मला दुसराच वास आला: तापलेल्या दगडांचा, ओव्यासारख्या कुठल्याशा रानझुडपाचा आणि मिठाचा.

दोन उन्हाळ्यांपूर्वीचा तो वास आहे. तो आला की मी मनाने त्या गच्चीत जाऊन उभी राहते.

ग्रीसच्या दक्षिण टोकाकडे, ऑलिव्हच्या बागांतून वळणं घेत उतरणाऱ्या रस्त्याच्या अगदी शेवटी ते घर होतं. आम्ही ते इंटरनेटवर बघून आठवड्याभरासाठी घेतलं होतं आणि तिथे त्याला व्हिला म्हटलं होतं. आई गाडीतून उतरली, कमरेवर हात ठेवून तिने ते नीट पाहिलं आणि म्हणाली, "अगं नंदे, हे तर साधं दगडी घर आहे, आपल्या करमाळ्याकडं असतं तसं. व्हिला कुठंय?"

जाड भिंती, लहान निळ्या खिडक्या, द्राक्षाच्या वेलाचा मांडव. मांडवाखाली लांब लाकडी टेबल. त्यापुढे गच्ची, आणि गच्चीच्या कठड्यापुढे काहीच नाही, नुसता भूमध्य समुद्र. घराच्या मालकीणबाई एलेनी शेजारच्याच लहानशा घरात राहत. आमच्या बॅगा दारात टेकतात न टेकतात तोच त्या एका ताटलीत गार पाण्याचे पेले आणि साखरेत मुरवलेल्या चमचा-चमचाभर चेरी घेऊन आल्या. आधी गोड खायचं, मग वर पाणी प्यायचं, असं त्यांनी खुणेने सांगितलं. आईचा चेहरा उजळला. "इथं पण गूळपाणी देतात गं!" संध्याकाळपर्यंत त्या दोघी पायरीवर बसून गुडघ्यांबद्दल बोलत होत्या, एक ग्रीकमध्ये आणि एक मराठीत. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तेलाचे रिकामे डबे होते, चुन्याने पांढरे केलेले, आणि त्यांत तुळशीच्या जातीचं कसलंसं रोप आणि लाल फुलं. "ही बाई आपल्यातलीच आहे," आईने निकाल देऊन टाकला.

भूमध्य समुद्राशी माझी ओळख मात्र जुनी. करमाळ्याच्या बसस्टँडबाहेर आमची रसवंती होती. तिच्या बाकावर बसून मी आठवीचा भूगोल पाठ केला. 'भूमध्य सागरी प्रदेशाचे हवामान सांगा.' उन्हाळे उष्ण व कोरडे, हिवाळे सौम्य व पावसाचे. ऑलिव्ह, द्राक्षे, अंजीर व लिंबाच्या जातीची फळे. चरकाच्या घुंगरांच्या तालावर ते मी इतक्यांदा म्हटलं होतं की आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. तेव्हा मी कुठलाच समुद्र पाहिलेला नव्हता. ऑलिव्ह हे फळ आहे की रंग आहे याबद्दलही मला शंका होती. पण उत्तर बरोबर लिहिलं, मार्क मिळाले, आणि असल्याच कित्येक न पाहिलेल्या गोष्टींची उत्तरं लिहीत लिहीत मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले, सोलापूरहून पुण्याला आणि पुण्याहून इथे आले. त्या गच्चीतून समोरचे डोंगर दिसत होते, गवत वाळून पिवळं झालेलं, दगड उघडे पडलेले, खाली अंजिराचं झाड आणि कुंपणाला लिंबं. मी मोठ्याने म्हटलं, "उन्हाळे उष्ण व कोरडे, हिवाळे सौम्य व पावसाचे."

"पैकीच्या पैकी!" माझा नवरा महेश म्हणाला. तो नागपूरचा. उष्ण व कोरडं म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मला मात्र भरून आलं होतं. पुस्तकात लिहिलेलं खरं निघालं, याचा मला एवढा आनंद का व्हावा, हे महेशला सांगूनही कळलं नसतं. त्याच्या घरात सगळे शिकलेले. आमच्या घरात पुस्तकांवर विश्वास ठेवणं हे मोठं धाडस होतं, आणि ते धाडस माझ्या आईने केलं होतं.

आईचं सगळं आयुष्य उन्हाळ्याच्या उलट्या बाजूने गेलं. लोकांना सुट्ट्या लागायच्या तेव्हा आमचा धंदा सुरू व्हायचा. मार्च ते जून ती पहाटेपासून ऊस सोलायची, बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळायची, गर्दीत चरक फिरवायची. उन्हाळ्यात मामाच्या गावाला जाणं ही गोष्ट मी निबंधात लिहिली, केली कधीच नाही. बाबा गेल्यावर माझा धाकटा भाऊ संतोष रसवंती बघायला लागला, आणि आईला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिला मोकळा उन्हाळा मिळाला. तो घालवायला ती माझ्याकडे आली. आली तेव्हा एप्रिल होता आणि बर्फ पडत होता.

ईडन प्रेरीत इरा शनिवारी लहान मुलांना पोहायला शिकवते. ती तेव्हा सोळा वर्षांची होती, शाळेच्या टीममध्ये पोहायची. एका शनिवारी आई माझ्याबरोबर तिचा क्लास बघायला आली. काचेच्या भिंतीमागच्या बाकावर, दोन स्वेटर घालून, ती पाण्यातल्या मुलांकडे टक लावून बघत होती. मुलांच्या कमरेला फोमचे पट्टे बांधलेले होते.

"यांचा डबा मऊ आहे," ती म्हणाली.

"कसला डबा?"

मग तिने सांगितलं. मी चाळिशी ओलांडलेली, तिच्या पोटची मुलगी, आणि मला हे माहीत नव्हतं. सीना नदीकाठच्या तिच्या माहेरी मोठी विहीर होती. उन्हाळ्यात तिचे सगळे भाऊ तिथे पोहायला शिकले. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि पाण्यात सोडून द्यायचं. डबा बुडत नाही, म्हणून पोर बुडत नाही. तिचे वडील मग रोज त्या डब्यात थोडं थोडं पाणी भरायचे, शिकणाऱ्याला न सांगता. डबा जड होत जायचा आणि पोर हलकं. एक दिवस डबा काठोकाठ भरलेला असायचा, त्याचा काही उपयोग नसायचा, तरी पोर पोहत असायचं. मग डबा सोडायचा. अमक्याचा डबा सुटला, ही बातमी गावभर व्हायची.

"आणि तू?"

"मी काठावर कपडे सांभाळायचे," आई म्हणाली. "मी म्हटलं होतं अण्णांना, मला पण बांधा. ते म्हणाले, पोरीला काय करायचंय पोहून? खरंच होतं. काय करायचं होतं?" मग पुन्हा काचेकडे वळून ती म्हणाली, "पण पाणी लई छान दिसायचं गं. हिरवंगार."

घरी येताना गाडीत इराने मागच्या सीटवरून मान पुढे काढली. "आजी, यू वॉन्ट टु लर्न? मी शिकवते ना."

"इथं नको बाई. त्या काचेमागं सगळी बसलेली असतात, मासे बघायला आल्यासारखी."

"मग कुठे?"

"जिथं कुणी नसेल तिथं."

त्यानंतर ग्रीसच्या ट्रिपचं बोलणं निघालं की आई हातातलं काम ठेवून ऐकायला लागली. तिथं गर्दी असते का, पाणी गार असतं का, लाटा मोठ्या असतात का. ऑगस्टमध्ये ती परत जाणार होती. तिचे गुडघे बघता एवढा लांबचा प्रवास पुन्हा होणार नाही हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, आणि तिला सगळ्यांत आधी. "या उन्हाळ्यात झालं तर झालं," ती एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "नाहीतर राहिलं माझं." डॉक्टरांनी हरकत नाही म्हणून सांगितलं. संतोषने मात्र फोनवर बजावलं, "ताई, आईला पाण्यात घालू नकोस हां. बीपीच्या गोळ्या चालू आहेत तिच्या. काहीतरी झालं म्हणजे?" मला पोहता येत नाही. त्यामुळे काहीतरी झालंच तर काठावरून ओरडण्यापलीकडे मी काही करू शकणार नव्हते.

तिथला किनारा सरळ नाही. डोंगर समुद्रात पाय सोडून बसल्यासारखे उतरतात आणि दोन पायांच्या मधे पाणी वाटीसारखं साचतं. आम्ही त्यांना वाट्याच म्हणायला लागलो. सकाळी ऊन चढायच्या आत शेळ्यांच्या पायवाटेने निघायचं आणि एकेक वाटी बघायची. पहिलीत मासेमारीच्या होड्या, दोरीवर वाळत टाकलेली जाळी आणि एक झोपाळू कुत्रा. दुसरीत पाणी इतकं निवळ की तळाचे गोटे मोजावेत, आणि खडकांत काळ्या काट्यांच्या समुद्री प्राण्यांची दाटी. पायवाटेवर पाय पडला की चुरडलेल्या झुडपांतून ओव्याचा वास उसळायचा. कानात रातकिड्यांसारखा पण भर दुपारचा, अखंड कर्र आवाज. खडकांच्या खळग्यांत लाटांचं पाणी आटून पांढरं मीठ धरलेलं होतं. आईने ते बोटाने चाखलं, रुमालात गोळा केलं, आणि त्या रात्रीची आमटी त्या मिठाची झाली. जेवताना ती म्हणाली, "आज समुद्र जेवलो."

तिसरी वाटी बघताच ती थांबली. ही वाटी अरुंद होती, दोन्हीकडून खडकांनी अडवलेली, म्हणून पाणी निवांत. जवळचं पाणी उथळ, पुढे हिरवं, मग गडद. समोर, पलीकडच्या खडकाच्या पायथ्याशी, पांढऱ्या गोट्यांची एक लहानशी पट्टी होती. तिथे जायला वाट नव्हती, पोहूनच जायचं. महेश आणि इरा लगेच पाण्यात शिरले, पलीकडे जाऊन उन्हात पालथे पडले आणि तिथून हात हलवायला लागले. आई बराच वेळ त्या मधल्या पाण्याकडे बघत होती.

"आमच्या विहिरीच्या तिप्पट असंल," ती म्हणाली.



त्याच संध्याकाळी एलेनीबाईंनी हिवाळ्यातलं उरलेलं ऑलिव्हचं तेल आमच्यासाठी बाटलीत ओतून दिलं आणि रिकामा डबा रोप लावायला बाजूला ठेवला. पाच लिटरचा, पत्र्याचा, वर फिरकीचं झाकण. आईने तो उचलला, उलटा केला, बोटाने वाजवला. "हा मला मागून दे," ती मला म्हणाली. एलेनीबाईंना वाटलं हिला रोप हवंय. त्या माती घेऊन आल्या. आईने मान हलवली. त्या खत घेऊन आल्या. शेवटी आईने डबा पाठीशी धरला, गच्चीतच वाकली आणि दोन्ही हातांनी हवेत पोहून दाखवलं. एलेनीबाई आधी बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. हसू थांबल्यावर त्यांनी स्वतः तो डबा गरम पाण्याने आणि लिंबाने धुतला आणि झाकण पिळून पिळून घट्ट बसवलं.

इरा हादरली. "आजी, नो! माझ्याकडे फोमची नळी आहे ना, ती घे. सेम थिंग."

"डब्याशिवाय पोहायला शिकलेलं माणूस मी बघितलेलं नाही."

"पण एव्हरीवन विल स्टेअर!"

आईने गच्चीच्या कठड्यावरून खाली किनाऱ्यावर नजर फिरवली. एका खडकावर एक शेळी उभी होती. "कोण एव्हरीवन? ती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ज्या वेशात पाण्यात उतरली तो मी कधी विसरणार नाही. इराची काळी लेगिंग्ज, वर महेशचा गणेशोत्सवातल्या स्वयंसेवकाचा केशरी टी-शर्ट, पार गुडघ्यापर्यंत, आणि पाठीवर माझ्या सुती ओढणीने बांधलेला तेलाचा डबा. टॉवेल, चपला, चष्मा आणि गोळ्यांची डबी घेऊन मी काठावर बसले. पाणी कमरेला लागलं तशी आईने इराचे दोन्ही हात धरले.

"एक गोष्ट," ती म्हणाली. "डब्यात रोज थोडं पाणी तू भरायचंस. मला सांगायचं नाही किती भरलंय ते. मी विचारलं तरी नाही."

इराने क्षणभर विचार केला. "वेट. म्हणजे थोडी थोडी हवा काढायची? आजी, दॅट इज सो स्मार्ट!"

"माझ्या अण्णांचं आहे ते."

आणि ती आडवी झाली. पाय सुटले, ओढणी ताणली गेली, डबा पाठीवर डुचमळला, आणि आई पाण्यावर होती. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. पहिल्यांदा पाळण्यात बसलेल्या पोराच्या तोंडून निघतो तसा.

मग शिकवणं सुरू झालं. "पाय मार, आजी! सरळ! नो, नो, सायकल नाही चालवायची!" "मला सायकल तरी कुठं येती?" "मग का चालवतेस?" इरा उलटी चालायची, आई तिच्या हातांना धरून पाय मारायची, महेश बाजूला पोहत "वा आई, वा! जमून राह्यलं!" म्हणून ओरडायचा. रोज सकाळी इरा डबा घेऊन आधी खाली जायची आणि पाण्यातच आजीच्या पाठीला बांधायची, म्हणजे वजन कळू नये. दुपारी मांडवाखाली आई झोपायची ती पाय हलवत झोपायची. एलेनीबाई कठड्यावरून डोकावून विचारायच्या, आणि आई अंगठा वर करायची. हे तिला इराने शिकवलं होतं.

मी एवढं शिकले, पण त्यातलं प्रत्येक शिकणं कशासाठी तरी होतं. मार्कांसाठी, नोकरीसाठी, व्हिसासाठी, घरच्यांना वर काढण्यासाठी. त्याबद्दल मला खंत नाही. त्या शिकण्याचं मी देणं लागते, जन्मभर. पण त्या काठावर बसून मी एका बाईला नुसतंच शिकताना पाहिलं. परीक्षा नव्हती, उपयोग नव्हता. तिच्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाला तिच्याकडे अजूनही उत्तर नव्हतं, आणि तिला त्याची पर्वा राहिली नव्हती.

आठवड्याच्या मधोमध वारा फिरला. उत्तरेकडून येणारा तो वारा तिकडे उन्हाळ्यात येतोच, एलेनीबाईंनी खुणेने सांगितलं होतं. सकाळी वाटीत पाणी हलत होतं, फार नाही, पण हलत होतं. आई इराचे हात सोडून दोन-तीन हात स्वतः मारत होती तेवढ्यात एक लाट तिच्या तोंडावर फुटली. ती गडबडली, तोंड उघडलं, पाणी नाकात गेलं. डबा होता, इरा होती, महेशने लगेच धरलं. तरी तिचा खोकला खडकांवर आपटून मोठा ऐकू येत होता आणि मी काठावरून किंचाळत होते, "बस झालं! बाहेर काढा तिला!"

ती टॉवेल गुंडाळून गच्चीत बसली. बराच वेळ समुद्राकडे पाठ करून बसली होती. मग म्हणाली, "राहू दे नंदे. हौस झाली. सगळ्यांचं सगळंच होतं असं नाही."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी तिचा चेहरा बघवेना. हा चेहरा मी ओळखत होते. रसवंतीवर कुणी सहलीचं बोललं की ती असाच चेहरा करून ऊस सोलायला लागायची.

इरा तिच्या शेजारी येऊन बसली. "आजी, माझ्या क्लासमधली मुलं पण रडतात. दे स्वॉलो वॉटर, दे क्राय, आय वॉन्ट मॉमी. नेक्स्ट वीक दे कम बॅक."

"तुझी पोरं पाच वर्षांची आहेत."

"सो? तू सिक्स्टी-सेव्हन आहेस. तू जास्त ब्रेव्ह पाहिजेस ना?"

आईने तिच्याकडे बघितलं. "तुझ्या आईवर गेलीयेस अगदी. तोंडाळ."

"अँड ती कोणावर गेली?"

आई हसली. हसता हसता पुन्हा खोकला आला, तरी हसत राहिली. संध्याकाळी तिने गोळी घेतली आणि संतोषला फोन लावला. हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाली, "पाण्यात गेले होते रे. लाट बसली तोंडावर. उद्या परत जाणार आहे. तुला सांगून ठेवते, विचारत नाही." पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "बरं, बरं. जेवलास का?" आणि फोन ठेवला.

ती परत गेली. वारा होता तोवर काठाकाठानेच, पण गेली. आणि मग निघायच्या दिवशीची सकाळ उजाडली. संध्याकाळचं विमान अथेन्सहून होतं. बॅगा गाडीत भरून झाल्या होत्या. वारा पूर्ण पडला होता. तिसऱ्या वाटीत पाणी असं पडलं होतं की तळाच्या गोट्यांवर उन्हाची जाळी नुसती थरथरत होती. एलेनीबाईसुद्धा काठी टेकत खाली आल्या आणि माझ्या शेजारी खडकावर बसल्या.

आई पाण्यात शिरली, इराने मागून डबा बांधला, आणि आईने पलीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे बोट केलं. एका बाजूला इरा, एका बाजूला महेश, कुणीही हात धरलेला नाही. केशरी टी-शर्ट हिरव्या पाण्यावरून पुढे सरकायला लागला. तिची पद्धत कुठल्याही पुस्तकातली नव्हती. हात पाणी कापण्याऐवजी बाजूला सारायचे, पायांची सायकल मधूनच सुरू व्हायची. मध्यावर पाण्याचा रंग बदलतो तिथे ती थांबल्यासारखी वाटली. एलेनीबाईंनी माझा दंड आवळला. मग पुन्हा पाय हलले. गडद पाणी संपलं, पुन्हा हिरवं लागलं, आणि आईचा हात पलीकडच्या खडकाला लागला.

महेशने अशी आरोळी ठोकली की वरच्या शेळ्या पळाल्या. इराने आजीच्या पाठीवरची गाठ सोडली, डबा पाण्याबाहेर उचलला, झाकण काढून उलटा केला. त्यातून पाणी पडत राहिलं. गडगड, गडगड, काठोकाठ भरलेल्या डब्यातून पडतं तसं.

"कधीपासून गं?" आईचा आवाज इकडच्या काठापर्यंत आला.

"परवापासून! फुल! तू लाटेनंतर परत आलीस ना, तेव्हापासून!"

आईने दोन्ही हातांनी इराचं तोंड धरलं, कपाळाला कपाळ लावलं. मग मोठ्याने म्हणाली, "चोरटी कुठली!" आणि परत येताना तिच्या पाठीवर काही नव्हतं. डबा महेशने ओढणीला बांधून ओढत आणला. एलेनीबाई टाळ्या वाजवत होत्या, रडत होत्या आणि ग्रीकमध्ये कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या. बहुतेक मलाच. मीही त्यांना मराठीत काहीतरी सांगत होते.

आई आता करमाळ्यात आहे. गावातल्या तरणतलावावर सकाळी बायकांसाठी एक तास राखून ठेवलेला होता आणि त्या वेळेला कुणी फिरकत नव्हतं. आईने जायला सुरुवात केली, मग शेजारची सून, मग तिची जाऊ, मग संतोषची मुलगी. पाण्यात घालू नकोस म्हणणारा माझा भाऊ आता त्या सगळ्यांना टेम्पोतून सोडायला जातो. परवा फोनवर मी विचारलं, कशी काय शिकतात? "शिकतात की," आई म्हणाली. "डबे मी बांधते. आणि पाणी किती भरलंय ते कुणाला सांगत नाही."

पण माझ्या डोळ्यांपुढे येतं ते ग्रीसमधल्या त्या सकाळचं सगळ्यात शेवटचं. कपडे बदलायची वेळ झाली होती. महेशने किल्ली हातात घेतली होती. आई गोट्यांवर उभी, केसांतून पाणी गळतंय.

"महेशराव, विमानाला वेळ आहे ना?"

"आई, रस्ता वळणाचा आहे. निघायला पाहिजे आता."

"मग मी एकदा जाऊन येते," ती म्हणाली, आणि वळून चालायला लागली.

इरा उठली, तिच्यामागे जायला. मी तिला खाली बसवलं. ते मी कसं केलं मला माहीत नाही. आई कमरेएवढ्या पाण्यात गेली, वाकली, आणि पोहायला लागली. एकटी. हिरवं पाणी, मग गडद, मग पुन्हा हिरवं. पलीकडच्या दगडाला हात लावून ती लगेच वळली नाही. ती पाठीवर उताणी झाली, हात पसरले, आणि तोंड आभाळाकडे करून तशीच तरंगत राहिली, कुठेही पोचायचं नसल्यासारखी. महेशने किल्ली खिशात टाकली. आम्ही काठावर थांबलो आणि कुणीही तिला हाक मारली नाही.